निफाडचा पारा

फॉर्म बेचाळीस प्रश्नांचा होता.
वर ठळक अक्षरांत : ज्ञान-हस्तांतरण.
खाली : कर्मचाऱ्याचे नाव – निवृत्ती गांगुर्डे.
कारण – निवृत्ती.
एचआरमधल्या पोरी त्यावर आठवडाभर हसल्या.
मीही हसले, मग पेनाचं टोपण काढून
अंबडच्या शेडमध्ये
तीन नंबरच्या भट्टीपाशी स्टूल टाकून बसले.

प्रश्न सात : माल तेलात केव्हा सोडता?
"अंदाजानं."
प्रश्न आठ : अंदाज कशाचा?
"रंगाचा."
कोणत्या रंगाचा?
त्यांनी माझ्याकडे पाहिलं,
वाढपी पाहतो तसं,
दुसऱ्यांदा पंगतीला बसलेल्याकडे.
"पिकल्या बोराच्या जरा अलीकडचा."
मी लिहिलं : आठशे चाळीस अंश.

तीन दिवसांत एकोणीस वेळा 'अंदाजानं'.
मी मोजले. मोजणं हेच माझं खातं.

चौथ्या दिवशी टपरीवर
बशीत चहा ओतत ते आपणहून म्हणाले,
"दोन हजार नऊला सटाण्याचा एक पोरगा होता.
हुशार. हात धरून शिकवलं सगळं.
सहा महिन्यांत तो भट्टीवर, मी स्टोअरला.
चौदा महिने नटबोल्ट मोजले.
पोराचा दोष नाही हो.
भांडं रिकामं झालं की माळ्यावरच जातं."

याला फॉर्ममध्ये रकाना नव्हता.

शेवटच्या दिवशी नारळ, शाल, भिंतीवरचं घड्याळ.
साहेब म्हणाले, ज्ञान ही कंपनीची संपत्ती आहे.
टाळ्या.
बस सुटायला पाच मिनिटं असताना
ते गेटपाशी थांबले, शाल पिशवीत कोंबत.
"ताई, पेपर घेता ना घरी?
थंडीत हवामानाचं पान बघत जा.
नाशिक नाही, निफाड.
पारा सातच्या खाली गेला
की टाकीतलं तेल रात्रीतून रुसतं.
भंगाराचा एक लॉट लाल करून आधी बुडवायचा,
मग खरा माल.
साहेब म्हणतील, वीज वाया.
म्हणून कधी विचारलंच नाही."

मलाच का सांगितलं, अजून कळलेलं नाही.

फॉर्म टेबलावर.
प्रश्न बेचाळीस : इतर काही?
पेन टेकवलं. शाईचा ठिपका पसरत गेला.
या फायली कोण उघडतं, मी स्वतःला म्हणाले,
कपाटात आधीच्या सहा पडल्यात, दोरीसुद्धा सुटलेली नाही.
पण ते काही खरं कारण नव्हतं.
गेल्या वर्षी चार महिने जागून केलेली माझी एक्सेल शीट
दुसऱ्याच्या नावानं पुण्याच्या मीटिंगमध्ये झळकली
आणि मागच्या रांगेत बसून
मी टाळ्या वाजवल्या होत्या.

लिहिलं : निरंक.

जानेवारीत निफाड पाच पूर्णांक दोन.
गिअर नरम निघाले, काही वाकडे.
मॅनेजर आले, दोन इंजिनियर आले,
फाईल आली, पानं पुढं-मागं उलटली गेली,
आठशे चाळीस बरोबर होते, सगळंच बरोबर होतं.
मी दोन लॉट वाया जाऊ दिले.
(हे कुठंच लिहिलेलं नाही.)
मग म्हणाले, "आधी भंगार बुडवून बघू या."

दुपारी माल पास.
साहेबांनी स्वतः खुर्ची ओढून दिली.
त्या खुर्चीची ऊब खोटी नव्हती,
एवढं कबूल करायला हवं.

संध्याकाळी ट्रेनी प्रणित, दिंडोरीचा,
हातमोजे काढत विचारतो,
"मॅडम, कसं कळलं तुम्हाला?"
आणि माझ्या तोंडून,
हुबेहूब त्यांच्याच आवाजात,
"अंदाजानं."

दुसऱ्या दिवशी पपया नर्सरीला तो बसमध्ये चढला,
नेमका माझ्याशेजारी बसला.
मी पेपरची घडी घातली,
हवामानाचं पान आत.
त्यानं बाहीनं काच पुसली, बाहेर पाहिलं,
हात चोळले
आणि थंडीत आख्खं नाशिक विचारतं तसं सहज विचारलं,
"आज निफाडला किती असेल हो?"